ही घडी कुणी घातली?

त्या पणत्या आम्ही रंगवल्या होत्या. मी, माझ्याबरोबरच्या दोघी बाई आणि शेवटी शेवटी तर आमच्या मावशीसुद्धा. आमच्या विशेष मुलांच्या शाळेच्या दिवाळी प्रदर्शनाची आदली संध्याकाळ होती. मुलं रिक्षांनी घरी गेली, आम्ही दार लोटून घेतलं, टपरीवरून चहा-भजी मागवली आणि मुलांनी चार दिवस खपून रंगवलेल्या दीडशे पणत्या पुन्हा नव्यानं रंगवायला घेतल्या. मुलांचा रंग कुठं ओघळलेला, कुठं बोटांचे ठसे, एक पणती तर आतून-बाहेरून नुसती काळी. आम्ही त्यावर लाल मारला, कडेनं सोनेरी रेघ ओढली, टिकल्या चिकटवल्या. साडेआठ वाजले. घरी जाताना आपण मुलांसाठी किती राबतो याचा अभिमानच वाटत होता, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी स्टॉलवर पाटी लावली, 'विशेष विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेल्या वस्तू'. पाटीखाली सावकाराला बसवलं, कारण तो शांत बसतो आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट होता. एका बाईंनी पणती उचलली, फिरवून पाहिली, "अगंबाई, किती सुरेख! तू केलीस का रे?" सावकारानं पणतीकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि हात लांब करून माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाला, "बाई."

त्या हसल्या. "बाईंचं नाव घेतो, किती गुणी," असं म्हणून डझनभर पणत्या घेऊन गेल्या. तो गुणीपणा नव्हता. सगळ्या स्टॉलवर खरं बोलणारा तो एकटाच होता.

सावकार हे अर्थातच त्याचं नाव नाही. नाव मी लिहिणार नाही. हे आमचं लाडाचं, आणि थोडं टोमण्याचं. सोळा वर्षांचा, अंगानं भरलेला, चालणं ऐटीत. कागदावर मध्यम बौद्धिक अक्षमता. सकाळी वर्गाच्या दारात येऊन तो उभा राहायचा आणि खांदे जरासे वर उचलायचा, म्हणजे कुणीतरी येऊन दप्तराचे पट्टे काढून घ्यावेत. आम्ही घ्यायचो. डबा काढून तो टेबलावर ठेवायचा आणि आपल्याकडं बघायचा. आम्ही झाकण उघडायचो. चप्पल काढायला पाय पुढं. सगळी कामं दुसऱ्यांनी करायची, हा नुसता बसून. म्हणून सावकार.

आमच्याकडं मूल्यमापनाला एफएसीपी नावाची तपासणी सूची वापरतात. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली. संस्था १९८४ सालची, तिचं नाव आता बदललंय, पण आम्ही जुन्या बाया अजून एनआयएमएचच म्हणतो. त्या सूचीत एकेका कौशल्यापुढं लिहायचं असतं, मूल ते आपलं आपण करतं, की तोंडी सांगितल्यावर, की हात धरून. तोंडी सांगावं लागलं तर 'व्हीपी', हात धरावा लागला तर 'पीपी'. प्रदर्शनानंतर मी सावकाराची फाइल काढली. बटण लावणे, व्हीपी. ताट धुणे, व्हीपी. कापडाची घडी घालणे, पीपी. मागच्या वर्षी तेच, त्याच्या मागच्या वर्षीही तेच. प्रत्येक पानाखाली माझी सही. कुठल्याही वर्षी मला हे खटकलं नव्हतं. मूल आहे तिथंच राहिलं तर 'त्याची मर्यादा' म्हणायची सोय आमच्या धंद्यात फार चांगली आहे.

मग आम्ही चिंचोक्यांचा उद्योग केला. ही कल्पना माझ्याबरोबरच्या बाईंची. अर्धा तास मी सावकाराबरोबर नॅपकिनच्या घड्या घालायच्या आणि मी तोंडानं काहीही सांगितलं की त्यांनी एक चिंचोका वाटीत टाकायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक कारखानदार आम्हाला टॉवेल-नॅपकिनचा सेकंड माल देतो. कुठं लूप ओढलेला, कुठं शिवण वाकडी, बाकी चांगला. सोलापुरात टॉवेलची कमी नाही. तर अर्ध्या तासात नऊ घड्या झाल्या आणि चिंचोके निघाले एकाहत्तर. 'धर, धर कोपरा, इकडं, असं नाही, हां, असं, शाब्बास, आता इकडं.' शाब्बाससुद्धा तेरा वेळा, त्यातले निम्मे त्यानं काही करायच्या आधीच. शिवाय घडी घालताना त्याच्या हातावर माझा हात होताच. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या तळव्याखालच्या त्याच्या हाताकडं लक्ष दिलं. ओल्या फडक्यासारखा पडलेला. नऊच्या नऊ घड्या माझ्या होत्या, फक्त मध्ये त्याचा हात होता.

ठरवलं, आता बोलायचं नाही. नॅपकिन समोर ठेवायचा, एकदा सांगायचं, आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत तोंडही उघडायचं नाही आणि हातही हलवायचा नाही. सांगायला सोपं आहे. हात आपोआप पुढं जातात. शेवटी मी ते पाठीमागं घेऊन पदराचं टोक मुठीत धरून बसायला लागले.

पहिल्या दिवशी सावकारानं पंचवीस मिनिटं पंखा पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. मग उठून माझ्या मागं आला, माझं मनगट धरून हात पुढं ओढला आणि नॅपकिनवर ठेवला. रागानं नाही, अगदी सहज. टीव्ही लावायला आपण रिमोट उचलतो ना, तसा.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. "बाई, तुम्ही नुस्तं बसून बघत राहता म्हणं? रिक्षावाले मामा सांगत होते." मी तिला अक्का म्हणते, सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात तसंच म्हणायची रीत आहे. मी समजवायला गेले, स्वावलंबन, पुढचं आयुष्य, आपण कायम पुरणार आहोत का. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरी या एकदा. मग बोलू."

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत ते राहतात. विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत. एकेका दारात सूप मांडीवर घेतलेली बाई दिसते, गल्लीभर तंबाखूचा वास आणि बोलणं बहुतेक तेलुगूत. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, जानेवारीचे शेवटचे दिवस. मी गेले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. अक्कानं हात धुतले, ताटात भात कालवला, सावकाराला भरवला, परत हात पुसून सूप मांडीवर ओढलं. सगळं मिळून सात मिनिटं.

"तुम्ही म्हणता त्याला स्वतः खाऊ दे," ती म्हणाली. बोलताना नजर माझ्याकडं आणि बोटं विडीवर. "खातो की. पाऊण तास लागतो. अर्धं खाली सांडतो. पाऊण तासात माझ्या पाऊणशे विड्या होतात, बाई. रोजच्या हजार करायच्या असतात. कुणाच्या हिशोबात धरायच्या त्या?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. वाट पाहायचा मला पगार मिळतो, तिचे मात्र वाट पाहिल्याचे पैसे कापले जातात. पालकांच्या सभेत 'घरीही सराव घ्या' असं मी किती वेळा सांगितलं असेल. त्यानंतर ते वाक्य मला पुन्हा तसं म्हणता आलेलं नाही.

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, विडी तुम्हाला कुणी शिकवली? आणि इथं मला माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता तो धडा मिळाला.

"आईनं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पण विडी वळायला दिलीच नाही की तिनं. पहिल्या पावसाळ्यात फक्त दोरा." वळलेली, तोंड मुडपलेली विडी आई हातात द्यायची, हिनं दोरा गुंडाळायचा आणि सुपात टाकायची. दोरा जमला तेव्हा तोंड मुडपणं. मग वळणं. तंबाखू भरणं त्यानंतर. आणि पान कापणं सगळ्यात शेवटी, कारण पान वाया गेलं की नुकसान. "दोराच बांधायचे मी, पण सुपात टाकणार मी. सुपातली विडी माझी. संध्याकाळी मोजताना आई म्हणायची, ह्या तुझ्या एवढ्या झाल्या."

आमच्या पुस्तकात याला उलट साखळी म्हणतात. काम बारीक टप्प्यांत तोडायचं आणि शेवटचा टप्पा मुलाला आधी शिकवायचा, म्हणजे काम पुरं करण्याचा मान पहिल्या दिवसापासून त्याचा. विशेष शिक्षणाच्या डी. एड.ला मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. चांगले मार्क पडले असणार. आणि इतकी वर्षं मी सावकाराला घडीचा पहिला कोपरा धरायला शिकवत होते, म्हणजे रोज न जमणाऱ्या गोष्टीनं सुरुवात करून रोज माझ्याच हातानं शेवट.

निघताना आणखी एक गोष्ट नजरेत भरली. अक्काच्या पायाशी पत्र्याचा एक छोटा तुकडा पडला होता. पान कापताना तो पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची, म्हणजे माप चुकत नाही. रिक्षात बसल्यावरही तो पत्राच डोक्यात फिरत होता.

घडीचे टप्पे मी आधी सहा काढले होते. आता मी घडी घालत गेले आणि बरोबरच्या बाई माझ्या हातांकडं बघत लिहीत गेल्या. चौदा निघाले. आपण कोपरा धरतो तेव्हा अंगठा वर आणि दोन बोटं खाली असतात, मग मनगट वळतं, मग दुसरा हात मधे येऊन कापड दाबतो. हे मला ठाऊकच नव्हतं. सावकार कोपरा मुठीत धरायचा. मुठीत कोपरा दिसत नाही, मग तो दुसऱ्या कोपऱ्याला जुळणार कसा? सहा वर्षं मी 'नीट जुळव' म्हणत होते.

सुरुवात शेवटापासून. तेरा टप्पे मी करायचे आणि घडी त्याच्यासमोर ठेवायची. त्यानं ती उचलून थप्पीवर ठेवायची, बस्. पहिल्या दिवशी पंखा. दुसऱ्या दिवशी उचलली, ठेवली, आणि वर तळव्यानं एक थाप मारली. ती थाप माझ्या यादीत नव्हती. त्याची त्यानं घातली. तेव्हापासून पंधरावा टप्पा, थाप.

थप्पी तीन दिवसांत जमली. शेवटची दुमड दोन आठवड्यांत. कोपरे जुळवणं मार्चपासून जूनपर्यंत चाललं, आणि मध्ये मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा निम्मं विसरूनही झालं. सुताराकडून एक पाट करून घेतला, अक्काच्या पत्र्यावरून सुचलेला. दोन बाजूंना उभी पट्टी, काटकोनात. नॅपकिन त्या कोपऱ्यात सरकवला की एक कोपरा आपोआप जागेवर बसतो, दुसरा त्यावर आणून टेकवायचा. डझन मोजायला तारेवर कपड्यांचे बारा चिमटे. एक घडी झाली की एक चिमटा डावीकडून उजवीकडं. त्याला चारच्या पुढं मोजता येत नाही. पण डावीकडचे चिमटे संपले की डझन झालं, एवढं कळायला मोजता यावं लागत नाही.

या दिवसांत माझ्याकडून एक वाईट चूक झाली, ती सांगायला हवी. एप्रिलचा महिना, बेचाळीस-त्रेचाळीसचा उन्हाळा, वर्गात पंखा फिरून गरमच वारा. घडीत यश दिसायला लागलं होतं आणि मला चेव चढला होता. आता सगळंच त्यानं स्वतः करायचं. एक दिवस तो बाथरूमच्या दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. पँटच्या हुकाला त्याला मदत लागते. मी हात मागं बांधून दहा अंक मोजत होते. दहा झाले, मी परत मोजायला लागले. त्याची पँट ओली झाली. दोन मुलं तिथं होती, एक हसला. सोळा वर्षांच्या मुलाला लाज कळते. मर्यादा-बिर्यादा सगळी कागदावर. तो दोन दिवस शाळेला आला नाही, आणि आला तेव्हा माझ्याकडं न बघता मावशींकडं जाऊन बसला.

त्याला मदत मागताच येत नव्हती, हे मला त्या ओल्या पँटीनं सांगितलं. कशी येणार? त्याला मागायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. खांदे उचलले की पट्टे निघत होते. मग घडी बाजूला ठेवून आम्ही पंधरा दिवस फक्त मागणं शिकवलं. तळवा उघडा करून समोर धरायचा, म्हणजे 'मदत पाहिजे'. तळवा दिसला की आम्ही ताबडतोब जायचं, त्यात मोजणी-बिजणी नाही. अगोदर दिवसातून चाळीसदा तळवा यायचा. आम्ही चाळीसदा गेलो. पुढं पुढं आपोआप कमी झाला. हुकाला अजूनही येतो, आणि येऊ दे. आम्ही अक्काला पँटला इलॅस्टिक लावायला सांगितलं, ते मात्र तिनं त्याच संध्याकाळी केलं.

याच वर्षात शनिवारी माझ्याकडं एक मुलगी यायला लागली होती. नेहमीच्या शाळेत नववीत, सेरेब्रल पाल्सी, बोलणं अडखळत पण डोकं तल्लख. तिच्या वह्या बघून कुणीही थक्क होईल, मोत्यासारखं अक्षर. आईचं. प्रकल्पसुद्धा आईचे, चित्रं काकूंची. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, या सवलती तिच्या हक्काच्याच आहेत. पण तिची तक्रार वेगळी होती. चाचणीत तिनं एक चुकीचं उत्तर सांगितलं आणि लेखनिक मुलीनं दयेपोटी बरोबर लिहून टाकलं. "मा-झी चूक हो-ती," ती मला म्हणाली, "तिनं का घे-तली?" तिला त्या प्रश्नाचे मार्क मिळाले होते आणि ती रडायच्या बेतात होती. आता ती गृहपाठ मोबाइलवर एका बोटानं टाइप करते, चार ओळींना अर्धा तास लागतो. शाळेतल्या एका शिक्षकांनी ते 'अपूर्ण' शेरा मारून परत दिलं. आईनं पुन्हा वही लिहायला घेतली तेव्हा मुलीनं वही लपवून ठेवली. ते भांडण अजून चालू आहे, त्यात मी मुलीच्या बाजूनं आहे आणि त्यामुळं आई माझ्याशी जरा कमी बोलते.

सावकाराकडं परत येते. ऑगस्टमध्ये पाट काढायची वेळ आली. कारखान्यात कुठं आलाय पाट? आधी सुताराकडून एक पट्टी झिजवून घेतली, मग काढली, तिच्या जागी लाल चिकटपट्टी. मग दुसरी. मग एक दिवस नुसतं रिकामं टेबल. सावकारानं बोटानं पट्टी चाचपली. नाही. दुसऱ्या बाजूला चाचपलं. नाही. मग त्यानं नॅपकिन ओढत ओढत टेबलाच्या पार कडेला नेला, इतका की मला वाटलं आता खाली पाडणार. माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, 'अरे अरे, मधे घे' हे शब्द ओठांवर होते. बरोबरच्या बाईंनी समोरून चिंचोका दाखवला. मी गप्प.

त्यानं नॅपकिनची किनार टेबलाच्या कडेला समांतर लावली. कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. मग पोटानं टेबलाला टेकून कापड तिथंच दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी समोरचे कोपरे उचलून आणले. पट्टी नव्हती, तर त्यानं टेबलाचीच पट्टी केली. हे आम्ही शिकवलं नव्हतं. आम्हाला सुचलंही नव्हतं. सुतारावर झालेला खर्च आठवून बाई नंतर बराच वेळ हसत होत्या.

कारखान्यात आता तो आठवड्यातून दोन दिवस दोन-दोन तास जातो. घडीवाल्या बायका बोलता बोलता डझन संपवतात, त्याला एका डझनाला चाळीस मिनिटं लागायची, आता पंचवीस. कारखानदार भला माणूस, म्हणाला, "महिन्याला पाचशे देतो बाई, कामाचं काय, बसू दे बिचाऱ्याला." मी हरखून हो म्हणणार होते. अक्का मधेच म्हणाली, "नको. डझनावर द्या. बाकीच्यांना देता तसं. वाकड्या निघाल्या तर कापा." आयुष्यभर हजारीवर काम केलेली बाई ती, मोजून मिळालेल्या पैशाची तिला कदर. पहिल्या महिन्याचे चौतीस रुपये झाले. दोन घड्यांचे कापूनही घेतले होते. तिनं ते चौतीस रुपये दोनदा मोजले, विड्यांचे मोजते तसेच.

पाचशे घेतले असते तर बरं, असं मला अजूनही मधूनच वाटतं. पुढच्या वर्षी तो अठरा पूर्ण करील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत दिलाय. अठरानंतर काय, याचं उत्तर घरोघरी वेगळं. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्याखाली त्याच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागेल, त्याची कागदपत्रं मी आणि अक्का जमवतोय. ते लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल, झेरॉक्सच्या हिशोबासकट.

यंदाच्या दिवाळीला पणत्या मुलांच्याच ठेवल्या. पुन्हा हात लावायचा नाही, असं आम्ही तिघींनी ठरवलं, आणि आदल्या संध्याकाळी एकमेकींवर पहारा ठेवत मुलांबरोबरच शाळेतून निघालो. विक्री निम्म्यावर आली. संस्थेच्या बैठकीत 'यंदा दर्जा घसरला' असं ऐकून घेतलं. आतून-बाहेरून काळी पणती यंदाही होती, त्याच मुलाची. ती कुणीतरी सगळ्यात आधी नेली. कशासाठी कोण जाणे.

पाटी गेल्या वर्षीचीच. तिच्याखाली सावकार, शेजारी त्याच्या नॅपकिनच्या डझनांच्या थप्प्या, विडीच्याच दोऱ्यानं बांधलेल्या. मागं खुर्चीवर अक्का, सूप घरी ठेवून आलेली, म्हणून हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. दुपारी एक बाई आल्या. थप्पी उचलली, कोपरे निरखले. एक घडी किंचित तिरकी होती, ती त्यांनी नखानं सरळ करून पाहिली, झाली नाही.

"कुणी घातल्या रे घड्या?"

सावकारानं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाखाली पदर मुठीत धरला. मग त्यानं थप्पीवर तळव्याची थाप मारली आणि म्हणाला, "नेने."

तेलुगूत नेने म्हणजे मीच. बाई मराठी. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "नेनेबाई म्हणजे तुम्हीच का?"

बरोबरच्या बाईंनी टेबलाखालून माझा पाय इतक्या जोरात दाबला की अंगठा दुखावला. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती, खांदे हलत होते. मी काही बोलले नाही. सावकारानं पुन्हा थाप मारली, जरा मोठ्यानं. "नेने." आणि या वेळी तोच तळवा आपल्या छातीवर.

"अच्छा, तू होय!" त्या म्हणाल्या. पैसे दिले. सावकारानं थप्पी उचलली आणि पिशव्यांच्या गठ्ठ्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी ओढली. तिचं तोंड काही उघडेना. त्यानं चोळली, फुंकली, उलटी करून चोळली. बाईंनी मदतीला हात पुढं केला, तशी त्यानं पिशवी छातीशी ओढून घेतली. तळवा काही दाखवला नाही. मागं चौघं खोळंबले होते.

"काय बे, किती वेळ?" मागून कुणीतरी म्हणालं.

सावकारानं पिशवी चौथ्यांदा उलटी केली.